ढगाखालची शून्य सावली

१९ मे २०२५, सोमवार. दुपारचे बारा वाजत आले होते. मराठवाड्यातल्या आमच्या शहराच्या छावणीत, घराच्या गच्चीवर मी आणि माझी दहा वर्षांची नात एका पाइपाशेजारी बसलो होतो. नळाच्या कामातून उरलेला, बरोबर एक मीटर कापून घेतलेला पांढरा पाइप. तो चार विटांच्या मध्ये उभा केला होता. दोऱ्याला नट बांधून तिने ओळंबा केला होता आणि पाइप चारी बाजूंनी सरळ आहे ना, हे तीनदा तपासलं होतं. बुडाशी ड्रॉइंगचा कागद, हातात पेन्सिल, मांडीवर वही.

आपल्या शहरात वर्षातून दोनच दिवस सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. आपण साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या अक्षांशावर पोहोचतो तो १९ मेच्या सुमारास, आणि परतताना पुन्हा भेटतो जुलैच्या २३-२४ तारखेला. भारतीय प्रमाणवेळेची रेषा आपल्या बरीच पूर्वेला असल्यामुळे घड्याळात बारा वाजले तरी आपली माध्यान्ह झालेली नसते. त्या दिवशी ती १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास होणार होती. हे सगळं तिने वहीत आधीच मांडून ठेवलं होतं.

बारा वाजता पाइपाची सावली पश्चिमेला दहा सेंटिमीटर पडली. तिने टोकाशी टिंब दिलं. सव्वाबाराला सावली चार सेंटिमीटर उरली. पुन्हा टिंब. आणि मग वळवाचा एक मोठा ढग दौलताबादच्या बाजूने आला आणि सूर्यावर येऊन बसला.

“आजी, बारा पंचवीस! सावली नाहीये!” ती टाळ्या पिटत उठली. मीही हसले. अंदाज खरा ठरल्याचा आनंद मलाही झाला होता. पण ती मधेच थांबली. तिने पाण्याच्या टाकीकडे पाहिलं, वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिलं.

“टाकीची पण सावली नाहीये. कपड्यांची पण नाहीये. मग आपली कशामुळे गेली?”

मी काही बोलले नाही. ती खाली बसली आणि वहीत लिहिलं : “१२.२५. सावली नाही. पण ढग होता. कळलं नाही.”

एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीतला ‘निष्कर्ष’ हा मथळा हजारो वह्यांमध्ये तपासला, लाल शाईने त्याच्याखाली बरोबरची खूण केली. त्या हजारो निष्कर्षांत ‘कळलं नाही’ असं लिहिलेला एकही मला आठवत नाही. मुलांना सगळं कळत होतं म्हणून तसं झालं असेल, असं म्हणवत नाही. ‘कळलं नाही’ लिहायची परवानगी आम्ही त्यांना कधी दिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी बातमी आली. पुण्यात पहाटे झोपेतच खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. वय ८६. मी चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ गच्चीवरच्या त्या पाइपाकडे बघत राहिले.

माझ्या पिढीला नारळीकर आधी भेटले ते गोष्टींमधून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे टोपणनाव. कथा नावामुळे नव्हे, तर तिच्या गुणांवर निवडली जावी, अशी त्यामागची इच्छा. २६ व्या वर्षी पद्मभूषण मिळालेला, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडलेला माणूस स्वतःचं नाव काढून ठेवून परीक्षेला बसतो, याचं मला तेव्हा नुसतं कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, हा विज्ञानाचा संस्कार होता. परीक्षकाला नाव दिसलं की तो कथा वाचत नाही, नाव वाचतो. तपासणी खरी व्हायची तर आधी आपलं वजन तराजूतून उतरवून ठेवावं लागतं.

त्यांच्या बालपणातली एक गोष्ट मी दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचे. बनारसच्या त्यांच्या घरात फळे लावलेले होते. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख. आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर काम करणारे. गणितात पारंगत असलेले मोरेश्वर हुजुरबाजार हे मामा शिकायला त्याच घरात राहायला आले. ते फळ्यावर भाच्यासाठी एक अवघड गणित आव्हान म्हणून लिहून ठेवत. भाचा ते सोडवेपर्यंत, किंवा ‘हरलो’ म्हणेपर्यंत ते गणित फळ्यावर तसंच राहायचं.

गोष्ट सांगताना मी नेहमी ‘सोडवेपर्यंत’ या शब्दावर जोर दिला. ‘हरलो म्हणेपर्यंत’ हा भाग घाईघाईत उरकला. पण त्या फळ्याचं मोठेपण या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. न सुटलेलं गणित घरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, दिवसेंदिवस राहू शकतं. त्याची लाज वाटत नाही. हरलो म्हणायची मुभा असते आणि हरलो म्हटल्यावर कोणी रागावत नाही. कुतूहल अशा घरात वाढतं.

मी आठवीत असताना वर्गात विचारलं होतं, “सर, आंबा पडतो, मग चंद्र का पडत नाही?” उत्तर आलं, “बस खाली. परीक्षेत येणार नाही.” त्या शिक्षकांचा मला राग नाही. साठ मुलांच्या वर्गात, उन्हाळ्यात, पत्र्याखाली शिकवणाऱ्या माणसाची ओढाताण मी पुढे स्वतः अनुभवली. दुःख याचं आहे की तेच वाक्य पुढे मीही म्हटलं. अनेकदा म्हटलं. पोर्शन संपवायचा होता, तपासणी होती, चाचणी होती. किती चंद्र मी असे खाली बसवले, याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

चंद्र पडतच असतो, हे उत्तर मला कॉलेजात गेल्यावर मिळालं. तो सतत पृथ्वीकडे पडत असतो आणि त्याच वेळी इतक्या वेगाने पुढे जात असतो की पृथ्वी त्याच्या पडण्याखालून वळत जाते. किती सुंदर उत्तर! आठवीतल्या मुलीला ते सांगायला पाच मिनिटं पुरली असती.

नारळीकरांनी या पाच मिनिटांची व्यवस्था पोस्टकार्डावर केली होती. व्याख्यानानंतर मुलं वह्या घेऊन सहीसाठी गर्दी करायची. ते म्हणायचे, मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर माझ्या सहीनिशी येईल. सही हवी तर आधी प्रश्न पडला पाहिजे. मोठ्या माणसाची सही हे खरं तर भक्तीचं चिन्ह. त्यांनी त्या भक्तीला कुतूहलाच्या वाटेवर आणून सोडलं. आणि पोस्टकार्डावर जागा तरी किती? तेवढ्यात मावेल असा प्रश्न विचारायचा म्हणजे आपल्याला नेमकं काय कळत नाही, हे आधी स्वतःला कळावं लागतं.

आता माझ्या गावाकडे येते, कारण हा सगळा विचार मी छावणीत बसून करते आहे, आणि छावणी हे काही विचाराला पोषक म्हणून वसवलेलं ठिकाण नाही. ही लष्कराची वस्ती. हैदराबाद संस्थानाच्या काळापासून इथे फौज राहिली. सरळ रस्ते, जुनी कडुनिंबाची झाडं, चर्च, बराकी, आणि ‘प्रवेश निषिद्ध’चे फलक. इथे हुकूम चालतो, आणि चालायलाच हवा; सैन्य प्रश्नोत्तरांवर चालत नाही. अर्थात १८५७ साली इथल्याच घोडदळातल्या शिपायांनी हुकूम नाकारला आणि त्याची किंमत प्राण देऊन मोजली. शहरातल्या काळ्या चबुतऱ्याचा पुढे क्रांती चौक झाला तो त्यांच्यामुळे.

या छावणीला लागून नागसेनवन आहे. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केलं. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिलं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मी तिथेच बी.एस्सी. केलं. तीन वर्षं रोज छावणीतून सायकलने गेले, पण या दोन नावांचा अर्थ मला खूप उशिरा उमगला.

मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, मिनँडर. नागसेन हा बौद्ध भिक्खू. राजा प्रश्न विचारतो, भिक्खू उत्तरं देतो. त्या संवादांचा पाली ग्रंथ म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’, मिलिंदाचे प्रश्न. मिलिंदाला आपल्या विद्वत्तेचा गर्व होता, वादात त्याला कोणी टिकत नसे, आणि नागसेनापुढे तो नमला. महाविद्यालयाला नाव मात्र उत्तरं देणाऱ्याचं नाही, प्रश्न विचारणाऱ्याचं आहे. जो हरला आणि हरल्यामुळे शिकला, त्याचं आहे. विद्यार्थ्यासाठी याहून योग्य नाव कुठलं असेल?

या ग्रंथातला एक प्रसंग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चर्चा पुढे नेण्याआधी नागसेन एक अट घालतो. राजाला पंडितासारखा वाद घालायचा असेल तर मी बोलेन, राजासारखा घालायचा असेल तर बोलणार नाही. मिलिंद विचारतो, दोन्हींत फरक काय? नागसेन समजावतो. पंडितांच्या वादात एकमेकांना कोंडीत पकडलं जातं, चूक दाखवली जाते, ती कबूल केली जाते, आणि तरी कोणी रागावत नाही. राजांच्या वादात राजा एक बाजू घेतो आणि जो तिच्या विरुद्ध बोलेल त्याला दंड होतो. मिलिंद म्हणतो, मी पंडितासारखा बोलेन. तूही एखाद्या भिक्खूशी किंवा शिष्याशी बोलावं तसा निर्धास्त बोल.

विज्ञानाची व्याख्या करायला मला दोन हजार वर्षांपूर्वीची ही अट पुरेशी वाटते. दुर्बीण, प्रयोगशाळा, समीकरणं ही पुढची साधनं. आधी हे ठरावं लागतं की चूक दाखवणाऱ्याला दंड होणार नाही, आणि चूक दिसल्यावर ती मानली जाईल. पहिल्या अर्ध्या भागाला आपण स्वातंत्र्य म्हणतो. दुसरा अर्धा भाग मनुष्यस्वभावाशी झगडून मिळवावा लागतो.

नारळीकरांच्या आयुष्यात हा पंडितवाद फार लवकर आला. जून १९६४. लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉईल यांनी आपला आणि नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. व्याख्यान संपल्यावर एक तरुण संशोधक विद्यार्थी काठीच्या आधाराने उभा राहिला आणि म्हणाला की तुमच्या मांडणीतली एक राशी अनंताकडे जाते, म्हणजे ती निरर्थक ठरते. तो स्टीफन हॉकिंग. केंब्रिजमध्ये तो आणि नारळीकर जवळजवळच काम करत. नारळीकरांची आकडेमोड त्याने आधीच पाहिलेली होती. हॉईल यांना भर सभेतला तो आक्षेप आवडला नाही. पण हॉकिंगला कोणी हाकललं नाही. त्याने आपलं गणित पुढे लिहून मांडलं. आणि नारळीकर-हॉकिंग यांची तरुणपणची ओळखही त्यामुळे तुटली नाही. एका शिबिरात आपण हॉकिंगशी टेबलटेनिस खेळलो होतो, ही आठवण नारळीकर पुढे आपुलकीने सांगत.

पुढच्याच वर्षी मोठा धक्का बसला. १९६५ साली पेन्झिआस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी सारखंच येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. विश्व एका महास्फोटातून जन्मलं या मताला त्यातून फार मोठं बळ मिळालं. हॉईल आणि नारळीकर उलट बाजूला होते. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं आणि नवं द्रव्य निर्माण होत राहतं, असं स्थिर-स्थिती सिद्धांताचं म्हणणं होतं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत जुन्या सिद्धांतात बदल करून नवी मांडणी केली आणि अखेरपर्यंत महास्फोटाच्या अडचणींवर बोट ठेवत राहिले.

त्यांचं बरोबर होतं की चूक, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही; जगातल्या बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल त्यांच्या विरुद्ध आहे, हे सत्य आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं वागणं. १९८८ साली ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक झाले. संस्था त्यांनी उभी केली, माणसं त्यांनी निवडली. पण त्याच संस्थेत थानू पद्मनाभन यांच्यासारखे शास्त्रज्ञ महास्फोटाच्या प्रचलित चौकटीत मानाने काम करत राहिले. संचालकाचं मत एक आणि संस्थेतल्या कामाची दिशा दुसरी, हे आपल्याकडे किती ठिकाणी चालेल? शाळेत, कचेरीत, पक्षात, घरातसुद्धा? अल्पमतात असताना स्वातंत्र्य मागणारे पुष्कळ असतात. हातात अधिकार आल्यावर तेच स्वातंत्र्य दुसऱ्याला देणारा विरळा. नारळीकर राजासारखे वागू शकले असते. ते पंडितासारखे वागले.

आता गुरुवारच्या बाजारात येऊ. छावणीचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. नारळीकर गेले त्याच आठवड्यात मी माठ घ्यायला गेले. कुंभाराने ओळीने माठ मांडले होते. मी एक उचलला, तर तोच म्हणाला, “मावशी, वाजवून घ्या.” मी बोटांच्या पेरांनी टकटक केलं. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द वाजला तर कुठेतरी बारीक तडा आहे. पलीकडे एक बाई भेंडीचं शेंड मोडून बघत होती. कट्‌कन मोडलं तर कोवळी. कोणी टरबुजावर टिचकी मारत होतं, कोणी वांगं फिरवून देठाजवळचं भोक शोधत होतं. या बाजारात कुणीही विक्रेत्याच्या शब्दावर माल घेत नाही, आणि विक्रेत्याला त्याचा रागही येत नाही. मडकं वाजवून घ्यावं हे आपल्या भाषेतच मुरलेलं शहाणपण आहे. तपासून घेणं ही बाहेरून आणलेली रीत आहे, असं म्हणणाऱ्याने एकदा छावणीच्या बाजारात यावं.

पण त्याच बाजारातून घरी येताना आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो. ती वाजवून बघत नाही. वीस रुपयांची भेंडी शेंड मोडून घेणारे आपण मुलीचं लग्न पत्रिकेतल्या गुणांवर मोडतो, आणि ते गुण कधी कुणी तपासले का, हे विचारत नाही. असं का? मला वाटतं, भेंडी जून निघाली तर नुकसान थोडं असतं, म्हणून डोकं शांत असतं. मूल आजारी असलं, नोकरी जाणार असली, लग्न जमत नसलं की माणूस घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाला खरं उत्तर नको असतं, पक्कं उत्तर हवं असतं. विज्ञान म्हणतं, बघावं लागेल. ज्योतिषी म्हणतो, येत्या गुरुवारनंतर. यात मूर्खपणा नाही, भीती आहे. आणि भीतीची टिंगल करून ती जात नाही.

नारळीकरांनी टिंगल केली नाही, त्यांनी मडकं वाजवलं. २००८ साली त्यांनी सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासोबत फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या जन्माची माहिती जमवली. शंभर मुलं अभ्यासात हुशार, शंभर मतिमंद मुलांच्या शाळांमधली. कुठली पत्रिका कोणत्या गटातली, हे फक्त ओळखायचं. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं आणि प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण निघालं ४६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नासच्या आसपास निघालं असतं.

या चाचणीत मला सगळ्यांत जास्त शिकवून जाते ती तिची रचना. ज्योतिषांची उत्तरं ८० टक्के बरोबर आली असती तर नारळीकरांना ते जाहीर करावं लागलं असतं. त्यांनी स्वतःच्या मताविरुद्ध उत्तर येण्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. माझ्या विरुद्ध उत्तर येऊच शकत नाही, अशा रीतीने विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. तो प्रश्नाचं सोंग घेतलेला हुकूम असतो.

या चौघांपैकी दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर सकाळी फिरताना गोळ्या घातल्या गेल्या. पंडिताच्या प्रश्नाला दिलेलं ते राजाचं उत्तर होतं. नागसेनाने ज्या दंडाची गोष्ट सांगितली होती तो दंड आता सिंहासनावरूनच येतो असं नाही. तो मोटारसायकलवरूनही येतो. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. घटनेने तर १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. कर्तव्य म्हणून लिहिलेली गोष्ट करताना माणसाचा जीव जातो, याची बोच मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

पण म्हणून शास्त्रज्ञ म्हणजे पंडित आणि बाकीचे सगळे राजे, अशी वाटणी करता येत नाही. खुद्द आइनस्टाइनची गोष्ट आहे. गुरुत्वलहरींचं भाकीत त्यांनी १९१६ साली केलं. वीस वर्षांनी, रोझेन यांच्यासोबत लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी अशा लहरी नसतातच, असा निष्कर्ष काढला. नियतकालिकाने तो निबंध परीक्षकाकडे पाठवला, परीक्षकाने चूक दाखवली, आणि आइनस्टाइन रागावले. आपल्याला न विचारता निबंध दुसऱ्याला दाखवलाच कसा, असं म्हणून त्यांनी तो परत घेतला. क्षणभर तेही राजा झाले. पण चूक खरंच होती. ती लक्षात आल्यावर त्यांनी निष्कर्ष बदलला आणि सुधारलेला निबंध दुसरीकडे छापला. राग येणं हा स्वभाव. राग ओसरल्यावर गणित पुन्हा तपासणं हे विज्ञान. स्वभाव कुणालाच चुकला नाही, म्हणून तर ही रीत बांधावी लागली.

त्या लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम पकडल्या गेल्या. भाकीत झाल्याला शंभर वर्षं होत आली होती. गोंगाटातून असा क्षीण संकेत कसा वेगळा काढायचा, यावर आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी कितीतरी वर्षं आधीपासून काम करत होते. आता अशा लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. २०२३ साली केंद्राने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडला तरी तो टिपायचा. औंढा हे ज्योतिर्लिंगाचं क्षेत्र. तिथेच विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते आणि नामदेव चिडले, तेव्हा विसोबांनी विचारलं की देव नाही अशी जागा दाखव, तिकडे पाय करतो, अशी कथा आहे. नामदेवांना त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, म्हणून तर त्यांना गुरू भेटला. त्या मातीत विश्वाला पुन्हा एक मोठा प्रश्न विचारला जाणार आहे, याचा मला मराठवाड्याची शिक्षिका म्हणून अभिमान वाटतो.

आणि एक काळजीही वाटते. यंत्र बाहेरून आणता येतं, बांधता येतं. त्याच्याजवळ बसून ‘कळलं नाही’ असं निर्भयपणे लिहिणारी मुलं मात्र इथल्याच शाळांतून यावी लागतील. हिंगोलीच्या, परभणीच्या, आमच्या छावणीच्या शाळांतून. ती येण्यासाठी आम्ही त्यांच्या चंद्राला खाली बसवणं थांबवायला हवं.

२० मेच्या दुपारी, टीव्हीवर नारळीकरांची जुनी छायाचित्रं दाखवत असताना, नात म्हणाली, “आजी, वर चल. बारा पंचवीस होतील.” मी म्हटलं, अगं, दिवस कालचा होता. ती म्हणाली, “म्हणूनच. आज थोडी दिसली पाहिजे.” आम्ही गेलो. आकाश भरलेलंच होतं, पण माध्यान्हीच्या वेळी दोन-तीन मिनिटं लख्ख ऊन पडलं. टाकीच्या बुडाशी दक्षिणेला सावलीची जेमतेम एक रेष होती. पाइपाच्या बुडाशीही दक्षिणेला एक अंधूक कड होती. एका दिवसात सूर्य आपल्या डोक्यावरून जरासा उत्तरेला सरकला होता. गणिताने एक मीटरच्या पाइपाची सावली तीन मिलिमीटरहून कमी यायला हवी होती. पट्टीवर ती दोन की तीन, यावर आमचं एकमत झालं नाही. तिने लिहिलं : “२० मे. १२.२५. ऊन. सावली २ किंवा ३ मिमी, दक्षिणेला. नीट मोजता आली नाही. जुलैमध्ये परत बघू.”

वाचकहो, मराठी मुलुखातल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोन दिवस अशी बिनसावलीची माध्यान्ह मिळते; तारीख गावाच्या अक्षांशाप्रमाणे पुढेमागे होते. तुमच्या गावची तारीख काढा. एक सरळ काठी, एक ओळंबा आणि घरातलं, शेजारचं एखादं मूल घ्या, आणि गच्चीवर किंवा अंगणात जाऊन उभे राहा. त्याने काहीही विचारलं तरी बस खाली म्हणू नका. आणि नेमका त्याच वेळी ढग आला, तर त्याला ‘ढग आला, कळलं नाही’ असंच वहीत लिहू द्या.